अक्का, आमची कांडी आता बरी आहे

अक्का, नमस्कार.

समोर बसून तुम्ही मला बोलूच देत नाही, "जाऊ दे ग, मांजराचं काय आभार मानती" म्हणता आणि सूप मांडीवर ओढून परत विड्या वळायला लागता, म्हणून इथं लिहितेय. तुम्ही तेलुगू शाळेत शिकलेल्या, मराठी वाचायचा तुम्हाला कंटाळा येतो माहितीय, पण तुमची धाकटी वाचून दाखवेल, तिला सांगून ठेवलंय की एक ओळ पण गाळायची नाही. आणि बाकीच्यांनी पण वाचावं असं वाटतं, कारण आपल्या सोलापुरात अक्कलकोट रोडच्या बाजूला कुठल्या ना कुठल्या कारखान्यात मांजर व्यालेलं असतंच, आणि मला जे माहीत नव्हतं ते अजून बऱ्याच जणांना माहीत नसणार.

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत सापडली ती, मांजराचं एवढंसं पिल्लू. नंदीध्वजाच्या मिरवणुकीसाठी कारखाना बंद होता, उघडला तेव्हा सुताच्या पोत्यांमागं बारीक आवाज. दोन दिवस आईची वाट बघितली, ती आलीच नाही, मग ह्यांनी टॉवेलात गुंडाळून घरी आणली. पोरानं नाव ठेवलं कांडी, आणि खरंच तशीच दिसायची, दोन्ही टोकं बारीक आणि मधे सूत भरल्यासारखं पोट टम्म. आम्हाला वाटलं पोट भरलंय, चांगलं खातेय. आणि मी तिला काय देत होते तर गाईचं दूध पाणी घालून, दिवसातनं चार वेळा. जुलाब लागले तरी मी दूधच देत होते, कारण मांजर म्हणजे दूध एवढंच आम्हाला ठाऊक.

मग एका ठिकाणी दाखवलं. तिथं हात पण न लावता जंत असतील म्हणाले आणि औषध दिलं, जंत पडले पण, पांढरे, शेवयासारखे लांब, वेटोळं झालेले, बघून माझ्या अंगावर काटा आला. मला वाटलं सुटलो. पण ती काय सुटली नाही अक्का. रात्री बसायची, उठायची, गोल फिरायची, परत बसायची, पाठीला कमान करून पुढचे पाय अंगाखाली घेऊन नुसती बघत राहायची, पोटाला बोट लागलं की किंचाळायची. मातीच्या ट्रेमध्ये जाऊन कुंथत बसायची आणि थेंबभर शेंबडासारखं पडायचं. परत फोन केला तर म्हणाले औषध दिलंय, होईल कमी. पाच रात्री मी तिला उशाशी घेऊन जागी होते आणि तिला नक्की काय दुखतंय तेच कळत नव्हतं. शेजारच्या एकीनं तापाची गोळी अर्धी करून दे म्हणून सांगितलं, नशीब मी दिली नाही, पॅरासिटामॉल मांजराला विष आहे हे मला नंतर दवाखान्यात कळलं.

आणि मग तो दिवस. खाजवते म्हणून मी दुकानातनं पिसवांच्या औषधाचे थेंब आणले होते, कुत्र्याचे, दुकानदार म्हणाला मांजराला पण चालतंय, थोडं कमी टाका. मी तुमच्या दारापुढनं ते हातात घेऊन चालले होते. तुम्ही विचारलं काय ग ते, मी सांगितलं, आणि तुम्ही सूप बाजूला ठेवून उठलात आणि माझ्या हातातनं ती ट्यूब काढूनच घेतलीत. तुमची पांढरी मांजर कशी गेली ते तेव्हा सांगितलंत, असलेच थेंब टाकले होते कुणीतरी, संध्याकाळपासून थरथर कापत होती, झटके येत होते, सकाळ बघितली नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरनं पण नंतर तेच सांगितलं, कुत्र्यांच्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन असतं, कुत्र्याला ते झेपतं, मांजराच्या शरीराला ते पचवून बाहेर टाकता येत नाही. अक्का, मी पाच मिनिटं आधी निघाले असते किंवा तुम्ही आत चहा करत असता तर?

त्यानंतर तुम्ही जे केलंत ते आमच्यापैकी कुणीच केलं नव्हतं, तुम्ही तिच्याकडं बघत बसलात. आमच्या पुढच्या खोलीत भुईवर, अर्धा-पाऊण तास, हात न लावता. मग म्हणालात एक पांढरा टॉवेल ओला कर, आणि केसांची फणी आण, उवांची. ओल्या टॉवेलावर तिला उभी करून शेपटीपासून मानेकडं हळू फणी फिरवलीत आणि काळी बारीक भुकटी पडली, रव्यासारखी. मी म्हणाले कारखान्यातला मळ असेल. तुम्ही म्हणालात थांब की, बघ. आणि ओल्या कापडावर त्या एकेका काळ्या कणाभोवती तांबडं पसरायला लागलं. "हे मळ नाय ग, हे हिचंच रगत हाय, पिसवा पिऊन हगत्यात." ते तांबडे ठिपके अजून माझ्या डोळ्यासमोर आहेत. मग तिचा वरचा ओठ अंगठ्यानं वर केलात, हिरड्या गुलाबी पाहिजे होत्या तर त्या कागदासारख्या पांढऱ्या. मग शेपूट उचलली, खालच्या केसांना वाळलेल्या तांदळाच्या कणीसारखं काहीतरी चिकटलेलं होतं. मी रोज पुसत होते तिथं, मला ते माती वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आलात ते म्हणालात हिची शी घे डबीत, ताजी, आपण सरकारी जनावरांच्या दवाखान्यात जाऊ, नुसती मांजर नेऊन उपयोग नाही. मला कळत नव्हतं शी कशाला न्यायची. तिथल्या डॉक्टरनं आधी काट्यावर ठेवलं, चारशे ऐंशी ग्रॅम, मग ताप बघितला, कातडी चिमटीत धरून सोडली, ती हळू खाली बसली, म्हणाले अंगातलं पाणी कमी झालंय. मग डबीतलं काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघितलं आणि मला पण दाखवलं. लंबगोल, अंड्यासारखं पारदर्शक आणि आत एक गोल गोळा, असे कितीतरी. कॉक्सिडिया म्हणतात त्याला. हे जंत नाहीतच म्हणाले, एका पेशीचे जीव आहेत, आतड्याच्या आतल्या थरात वाढतात, म्हणून ती कुंथते, म्हणून पोट दुखतं, आणि जंताच्या औषधानं ह्यांना काहीच होत नाही, ह्यांचं औषध वेगळं. ती तांदळाची कणी म्हणजे टेपवर्म नावाच्या चपट्या जंताचे तुकडे, तो पिसवांतनं येतो, अंग चाटताना पिसू गिळली की पोटात जातो, त्यावर पण पहिलं औषध चालत नाही, त्याला प्राझिक्वान्टेल लागतं. आणि ते शेवयासारखे जंत बऱ्याचदा आईच्या दुधातनंच येतात, म्हणून पिल्लाला दोन-तीन आठवड्यांपासनं दर पंधरा दिवसांनी औषध द्यायचं, आठ आठवड्यांपर्यंत, नंतर महिन्याला एकदा, सहा महिन्यांपर्यंत. म्हणजे एका वेळी तीन-तीन गोष्टी होत्या तिच्या एवढ्याशा जिवात, आणि आम्ही एकाचं औषध देऊन बसलो होतो.

पिसवांसाठी एवढ्या लहान पिल्लाला थेंब नकोच म्हणाले, कोमट पाण्यात भांड्याचा साबण थोडासा, पटकन अंघोळ, लगेच कोरडं करायचं आणि रोज फणी. ती अंघोळ पण तुम्हीच घातलीत. आधी मानेभोवती साबणाचं कडं केलंत, का विचारलं तर म्हणालात पाणी लागलं की पिसवा तोंडाकडं पळत्यात. दूध बंद, शिजवलेलं चिकन बारीक करून, पाणी सिरिंजनं. ट्रे रोज उकळत्या पाण्यानं धुवायचा, आणि फिनाईल घरातनं बंद, मी तर तिच्या ट्रेखाली रोज फिनाईल टाकत होते, ते पण मांजराला विषारी.

रोज उकळतं पाणी म्हणजे आपल्या गल्लीत काय असतं ते सोलापुरात राहणाऱ्याला सांगायला नको. नळ कधी येणार ह्यावर आपला सगळा हिशोब. तिसऱ्या दिवशी आमचं पिंप तळाला गेलं, मी कुणाला बोलले पण नव्हते, आणि संध्याकाळी तुमची धाकटी घागर घेऊन दारात. "अम्मानं दिलंय, कांडीच्या भांड्याला." अक्का, तुमच्या घरात सात माणसं आहेत.

आणि त्या दिवशीची तुमची मजुरी. हजार विड्यांवर पैसे मिळतात तुम्हाला, अर्धा दिवस माझ्याबरोबर दवाखान्यात बसलात म्हणजे त्या विड्या झाल्याच नाहीत. मी रिक्षाचे पैसे पुढं केले तर रागावलात. त्या रात्री उशिरापर्यंत तुमच्या दारातला दिवा चालू होता, मी बघत होते खिडकीतनं. ते मी विसरणार नाही.

चौथ्या का पाचव्या रात्री ती पहिल्यांदा कुशीवर झोपली, पाय लांब करून, पोट उघडं टाकून. मी ह्यांना उठवून दाखवलं. पोर सकाळी उठून पहिला तिच्याकडं गेला, आणि नंतर हात धुवायला पण गेला, ते पण तुम्हीच त्याला शिकवलंत, हे जंत लेकरांच्या पोटात जाऊ शकतात म्हणून.

परवा किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवली, एक किलो आठशे. हिरड्या गुलाबी. ऊन आता इतकं झालंय की दुपारी ती आमच्या घरात थांबतच नाही, तुमच्या दारातल्या माठाखाली ओल्या जागेत जाऊन पडते, तुम्हाला माहितीच आहे, तंबाखूच्या सुपाजवळ आली की तुम्ही तिला हाकलता आणि ती परत माठाखाली. रविवारी तिचा ह्या महिन्याचा डोस आहे. सकाळी दहाला आणते तिला, तुम्ही धरा, माझ्या हातात ती तोंड उघडत नाही. आणि कडक भाकरी अन् शेंगाची चटणी घेऊन येतेय, नको म्हणू नका.

तुमची,
समोरच्या घरातली