‘गेम छोटाच आहे, परत खेळा’ हे उत्तर मला मान्य नाही

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय : क्लाउडवरचा (तुमच्या सर्व्हरवर साठवलेला) गेमचा सेव्ह, म्हणजे खेळात आजवर कमावलेलं सगळं, तुमच्या ॲपनं पुसल्याबद्दल आणि त्यानंतरच्या वागणुकीबद्दल

तुमच्या कस्टमर केअरचा फोन आत्ताच ठेवलाय. ठेवतो न ठेवतो तोच तक्रार निकाली काढल्याचा मेसेज आला. काहीही निकाली निघालेलं नाही.

तुमच्या स्टोअरवरून मी ‘इन्टू द ब्रीच’ हा कॉम्प्युटर गेम विकत घेतला. नवा लॅपटॉप आणला, त्यावर तुमचं ॲप टाकून लॉगिन केलं. जुना सेव्ह खाली उतरायचा सोडून नव्या लॅपटॉपवरची कोरी फाईल वर गेली आणि त्याच्यावर बसली. कोणता सेव्ह ठेवायचा हे ॲपनं विचारलंसुद्धा नाही. जुना कॉम्प्युटर चालू केला, तर तिथंही तीच कोरी फाईल उतरली. कुठल्याही मशीनवर बसा, खेळ सोबत येईल, अशी जाहिरात तुम्हीच करता.

आता आजचा फोन. बराच वेळ संगीत ऐकवून तुमचे प्रतिनिधी आले. आधीच्या कॉलची नोंद त्यांच्यापुढं नव्हती, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी विचारलं, “सर, कुठून बोलताय?” म्हटलं, परभणीहून. “मग मध्येच लाईट गेली असेल सर. तिकडं लोडशेडिंग असतं ना.” मी म्हणालो, “लाईट गेली नव्हती. लॅपटॉपला बॅटरी असते. मी काय सांगायलो ते ऐकायलाव का तुम्ही?” त्यावर नुसता कीबोर्डचा आवाज. मग म्हणाले, “सर, मी चेक केलं, गेम छोटाच आहे. दोन-तीन तासांचा. परत खेळून घ्या ना.” तुम्ही खेळलात का कधी, विचारलं. “नाही सर, इथं स्क्रीनवर लिहिलंय.” मॅनेजरला फोन द्या म्हटलं. “मॅनेजरपण हेच सांगतील सर.” आणि शेवटी, “आणखी काही मदत करू शकतो का?” आणखी? पहिली कुठं केली होती?

तुम्ही हा गेम विकता, म्हणजे तो काय आहे हे तुम्हाला ठाऊक असणार. एक डाव छोटा असतो, कबूल. दोन बेटं वाचवली की शेवटच्या लढाईला जाता येतं. पण आठ बाय आठच्या त्या पटावर शत्रू पुढचा वार कुठं करणार हे आधीच दिसतं. त्याला मारायचं, की नुसतं एक घर सरकवून त्याचा वार त्याच्याच जोडीदारावर पाडायचा? इमारत पडू द्यायची, की आपला मेक (लढणारा यंत्रमानव) मध्ये घालून मार अंगावर घ्यायचा? एकेका पाळीला नववीतली माझी मुलगी आणि मी अर्धा अर्धा तास वाद घालतो. शाळेच्या गणितावर ती इतकी बसत नाही.

आणि डाव संपला तरी सगळं संपत नाही. हरा नाहीतर जिंका, मेक चालवणारा एक पायलट पुढच्या डावात पाठवता येतो आणि तो कमावलेला अनुभव घेऊन जातो. आमची कॅमिला व्हेरा अशीच डावामागून डाव पुढं आली होती. ती जाळ्यात अडकत नाही, धुरात थांबत नाही, म्हणून मुलगी दरवेळी तिलाच निवडायची. गेममधली कॉईन जमवून उघडलेली मेकची पथकं वेगळीच. आता समोर फक्त सुरुवातीचं ‘रिफ्ट वॉकर्स’ हे पथक आहे. हे दोन-तीन तासांत परत येतं, असं लेखी देता का?

रिफंड मागितला, तर खेळण्याची वेळ मर्यादेच्या बाहेर गेली म्हणून नाही म्हणालात. म्हणजे पैसे परत मागितले की आम्ही फार खेळलो, आणि सेव्ह परत मागितला की गेम छोटा! दोन्हीपैकी एक काहीतरी ठरवा.

एकदा तर गेम बनवणाऱ्यांना विचारा म्हणून सांगितलं. त्यांचा काय संबंध? सबसेट गेम्सनं २०१८ मध्ये हा गेम काढला आणि जुलै २०२२ मध्ये नव्या पथकांची, नव्या पायलटांची ॲडव्हान्स्ड एडिशन जुन्या ग्राहकांना फुकट दिली. सेव्ह तुमच्या ॲपनं घालवला. त्यांच्याकडं बोट दाखवू नका.

इकडं पैसे न देता पेनड्राईव्हवरून गेमची कॉपी घेणारे भरपूर आहेत. गेल्या काही वर्षांत ओळखीतल्या कितीतरी पोरांना मी सांगत आलो की पैसे देऊन घ्या, निदान सेव्ह तरी सुरक्षित राहतो. आज त्यांचे सेव्ह जागेवर आहेत आणि पैसे भरणाऱ्याचा गेला. त्यांना आता कोणत्या तोंडानं सांगू?

पुसल्याच्या आधीची प्रत तुमच्या सर्व्हरवर असेल तर ती माझ्या खात्यावर परत टाका. नसेल तर पूर्ण पैसे परत करा, आणि दोन सेव्ह वेगळे दिसले की विचारल्याशिवाय कुठलाही पुसला जाणार नाही एवढं ॲपमध्ये करा, म्हणजे दुसऱ्या कुणावर ही वेळ यायची नाही. आणि परत सांगतो, गेम छोटा आहे हे ऐकवू नका.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० प्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार सोडवायची असते. तसं झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ वर नोंद करीन आणि परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्यानं ग्राहक जिथं राहतो तिथंच तक्रार करता येते, आणि एवढ्या रकमेला फी लागत नाही. गेमची किंमत किरकोळ आहे म्हणून मी गप्प बसेन, असं समजू नका.

उत्तर लेखी पाठवा. फोन करू नका.

एक ग्राहक,
वसमत रोड, परभणी