दात काढला नाहीये, वाचलाय

आई-बाबा,

फोनवर धड सांगताच आलं नाही, आई मधेच “काढून टाक एकदाचा” म्हणाली आणि बाबा तुम्ही एकदम गप्प झालात, म्हणून लिहून पाठवतेय.

दुखत काहीच नव्हतं हो! नुसते दात साफ करायला गेले होते तर डॉक्टरनी आरसा हातात दिला, वरचा पुढचा दात हिरडीजवळ गुलाबीसर दिसत होता, मला वाटलं लिपस्टिक लागलीय. एक्सरेत मुळातली नळी मधेच फुगलेली, सापाने उंदीर गिळल्यासारखी. म्हणजे दातातली नसच त्याला आतून कुरतडत होती, किडीचा काही संबंध नाही (आई, चॉकलेटवरून बोलणी नकोत). बाहेरून पोखरलं तरी असाच गुलाबी दिसू शकतो म्हणे, म्हणून मशीन तिरकं धरून परत एक्सरे काढला, डाग नळीतून हलला नाही म्हणजे आतलाच, मग सीबीसीटी म्हणजे थ्रीडी स्कॅन केला तर मागच्या बाजूला बारीकसं भोक पडलेलं निघालं.

मग रूट कॅनॉल. नस काढली की कुरतडणाऱ्या पेशींचा रक्तपुरवठा बंद, पुढचं खाणं तिथंच थांबतं. पण त्या फुगीर भागाच्या कोपऱ्यात फाइल (नळी घासायची बारीक सुई) पोचतच नाही, म्हणून हायपोक्लोराइट, म्हणजे उरलेली नस विरघळवणारं द्रव, टाकून अल्ट्रासॉनिकने घुसळलं, कानात नुसती चिर्रर्र, आणि २ आठवडे कॅल्शियम हायड्रॉक्साइड नावाचं औषध भरून ठेवलं. दुसऱ्या खेपेला मायक्रोस्कोपखाली भोक एमटीएने बुजवलं आणि बाकी पोकळीत गरम पातळ गट्टा-पर्चा (रबरासारखा पदार्थ) भरला. बाबा, एमटीए म्हणजे पोर्टलँड सिमेंटच्याच जातीचं, ओल लागली की घट्ट होतं, तुम्ही असतात तर डॉक्टरना क्युरिंग किती दिवस म्हणून नक्की विचारलं असतंत.

आणि तुम्ही गप्प का झालात ते कळलं मला. लहानपणी दाताला मार लागला होता का हे डॉक्टरनी विचारलं, मी सायकल शिकताना पडले होते ते सांगितलं, ते म्हणाले असू शकतं, पण नक्की तेच कारण असं कुणीच सांगू शकणार नाही. आणि सीट सोडा सोडा म्हणून मीच ओरडत होते ना.

आता ६ महिन्यांनी परत एक्सरे. गुलाबी गेलाय, दात किंचित काळपट वाटतो. फोटो पाठवते, झूम करून बघत बसू नका.

तुमची,
चिमी