बाबा, तुमची यादी मिळाली

ती. आई-बाबांना सा. न.,

बाबा, तुमची व्हॉट्सॲपवरची यादी मिळाली. स्वित्झर्लंडच्या सहलीत सहा दिवसांत अकरा ठिकाणं, तीन हॉटेलं आणि शेवटी "जमल्यास अजून दोन". मी ती मोठ्याने वाचून दाखवली तर तुमचे जावई काहीच बोलले नाहीत, नुसते डायपरच्या बॅगेकडे बघत बसले. फोनवर वाद सुरू झाला की तुम्ही आईकडे फोन देऊन मोकळे होता, म्हणून लिहूनच टाकतेय.

मागच्या वर्षी आम्ही हेच केलं होतं. चार दिवसांत दोन हॉटेलं, रोज सकाळी सामान आवरा, रोज बस. एका घाटात आमच्या थोरल्याने वळणावरच माझ्या अंगावर उलटी केली, बदलायचे कपडे बसच्या पोटातल्या बॅगेत, आणि ज्या तळ्यासाठी एवढा आटापिटा केला तिथे पोचेपर्यंत दोघंही ढाराढूर. आम्ही दोघांनी आळीपाळीने तळं बघितलं, पाच-पाच मिनिटं.

तर यावेळी मुक्काम एकच, वेंगन. साडेबाराशे मीटरच्या वर एका कड्यावर वसलेलं गाव आहे, खालून गाडीरस्ताच नाही, लाउटरब्रुनेनहून दातेरी रुळांच्या ट्रेननेच वर जायचं. गावात सामानाच्या इलेक्ट्रिक गाड्या वगैरे सोडल्या तर कार नाहीत, म्हणजे धाकटी हात सोडून पळाली तरी माझा जीव जागेवर राहील, दीड वर्षाची आहे पण धावते कशी ते तुम्ही व्हिडिओत बघितलंयच. किचनवालं अपार्टमेंट बघतोय, कारण संध्याकाळी सहाला भूक लागलेलं पोर घेऊन हॉटेलात ऑर्डरची वाट बघणं ही काय सुट्टी आहे का. बाझेलहून इंटरलाकेनला ट्रेनने साधारण दोन तास, मग दोन छोट्या गाड्या बदलायच्या. सहा वर्षांखालच्यांना आपल्यासोबत तिकीट लागत नाही, आणि इथल्या काही डबलडेकर गाड्यांत वरच्या मजल्यावर चक्क घसरगुंडी असते, तसा डबा मिळाला तर आपण जिंकलो.

आता तुमच्या यादीतलं. ट्रुमेलबाखचा धबधबा कट, डोंगराच्या पोटातून पाणी कोसळतं, भन्नाट आहे, पण चार वर्षांखालच्या मुलांना आत घेतच नाहीत, कडेवर असली तरी नाही. आपले दोघंही नापास. त्याऐवजी दरीत खाली स्टाउबबाखचा जवळजवळ ३०० मीटरचा धबधबा आहे, तो लाउटरब्रुनेन गावातून चालतानाच दिसतो आणि तिथून पुढे दरीचा रस्ता सपाट आहे, स्ट्रोलर आरामात जाते आणि आईच्या गुडघ्यांनाही त्रास नाही.

युंगफ्राउयोख. बाबा, मला माहितीय तुम्हाला ती १९१२ सालची रेल्वे बघायचीय, पर्वत आतून पोखरून नेलेली. पण ते स्टेशन ३४५४ मीटरवर आहे, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशच असतो. मोठ्या माणसाचं डोकं दुखलं तर तो सांगतो, दीड वर्षाचं पोर नुसतं किरकिरतं आणि आपल्याला वाटतं झोप आलीय. म्हणून तुम्ही आणि तुमचे जावई एक दिवस वेगळे जा, क्लायने शाइडेगला गाडी बदलायची की झालं, वर मात्र हळू चाला आणि पाणी पीत राहा. आई, तुला जायचं असेल तर तूही जा, मी दोघांना सांभाळते. पण तू राहिलीस तर मला जास्त आवडेल, खरं सांगते.

पोरांची उंचीची हौस मॅनलिखेनच्या डोंगरावर भागवू. वेंगनहून केबलकार पाच-सहा मिनिटांत जवळपास साडेनऊशे मीटर वर नेते, त्यात कानांना दडे बसतात म्हणून दोघांच्या हातात पाण्याच्या बाटल्या द्यायच्या, घोट घेत राहिले की मोकळे होतात. वर एक भलीमोठी लाकडी गाय आहे, खेळायला. आयगरचं शिखर समोर उभं असणार आणि आपली पोरं गायीवर चढणार, हे आत्ताच सांगून ठेवते. वर खालच्यापेक्षा पाच-सहा डिग्री तरी थंड असतं आणि ऊन मात्र जास्त भाजतं, म्हणून टोप्या आणि जाकिटं दोन्ही घ्या. धाकटी पाठीवरच्या कॅरिअरमध्ये असेल, आपण चालून घामाघूम आणि ती बसून गारठलेली असं होतं, दर थोड्या वेळाने तिची मान आणि पाय हात लावून बघायचे, बाबा हे काम तुमच्याकडे.

बाकी रोज सकाळी एकच गोष्ट, दुपारी सगळ्यांनी झोपायचं, तुम्हीसुद्धा. पाऊस आला तर घरात. मागच्या वेळी सगळ्यात मजा कुठे आली माहितीय? एका गावात गुरांच्या पाण्याचा लाकडी हौद होता, मोठा त्यात खडे टाकत बसला, खडा बुडाला की "गेला!" आणि परत दुसरा शोधायचा. तासभर. मी बाजूच्या बाकावर गरम कॉफी प्यायले, दोन वर्षांत पहिल्यांदा.

आई, रबरी तळव्याचे बूट आधीच घेऊन रोज थोडं चालून बघ, नवे कोरे घालून येऊ नकोस. आणि बाबा, जुलैचा पहिला आठवडा की दुसरा ते रविवारपर्यंत कळवा, बुकिंग करायचंय.

तुमची,
ताई