आधी मागची बाजू: आमच्या ड्रॉइंगच्या सरांना अनावृत पत्र

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

तुमचं नाव कुठे घालायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून घालत नाही. पत्र मात्र सगळ्यांनी वाचावं असंच लिहितेय. आमच्या बचत गटाच्या आकाशकंदिलाच्या पाकिटात जो छापील कागद जातो, त्यावरच्या चित्राचं कौतुक आता माझ्या कानावर येतं. ते चित्र उभं कसं राहिलं हे फक्त तुम्हाला आणि मला ठाऊक. शिवाय मालवण-देवगडकडची कितीतरी मुलं हल्ली मोबाइलवर, टॅबवर चित्रं काढतात. तुमच्या पडवीत मला जे मिळालं ते त्यांच्यापर्यंतही जायला हवं.

पाकिटात सगळं सुटं असतं: बांबूच्या अठरा कामट्या, जिलेटिनचे कागद, दोरा. खालच्या षटकोनाला सहा कामट्या, वरच्याला सहा, आणि दोघांना जोडणाऱ्या सहा उभ्या. घरी नेऊन बांधायचं. त्यासाठी सांगाड्याचं असं चित्र हवं की कुठली कामटी पुढची, कुठली मागची, बल्बची आडवी काडी कुठल्या तोंडाला बांधायची, हे बघताक्षणी कळावं. लाकडी पेटी काढणं त्यामानाने सोपं असतं, कारण तिची मागची बाजू दिसतच नाही. कंदिलाच्या तीन बाजू समोर धरल्या तर अठरातल्या तेरा कामट्या दिसल्या असत्या आणि पाच लपल्या असत्या. पण सांगाडा आरपार. त्या पाचही कामट्या डोळ्यांसमोर, आणि चित्र फसतं ते नेमकं त्यांच्यापाशी.

इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेच्या घनभूमितीत लपलेली कड तुटक रेषेने दाखवायला शिकले होते. इथे लपलेलं असं काही नव्हतंच. संगणकावर तिरप्या समांतर रेषांचा ग्रिड घेऊन काढलेला कंदील मापाला अचूक होता, पण क्षणात खालून पाहिल्यासारखा दिसे, क्षणात वरून. गटातल्या बायका विचारत, "ह्याचा वरचा तोंड खयचा?" हे चित्र घेऊन मी तुमच्याकडे आले, तेव्हा तुम्ही त्याला नावं ठेवली नाहीत. उलट नेकरची गोष्ट सांगितलीत. लुई आल्बर्ट नेकर हा स्वित्झर्लंडचा स्फटिकशास्त्रज्ञ. पारदर्शक स्फटिकाची रेखाकृती बघता बघता उलटते, पुढची बाजू मागे जाते आणि मागची पुढे येते, हे त्याने १८३२ मध्ये लिहून प्रसिद्ध केलं. समांतर रेषांच्या आकृतीत जवळचं मोठं आणि लांबचं लहान हा भेदच नसतो, त्यामुळे डोळ्याला दोन्ही अर्थ सारखेच पटतात. सुट्या भागांची मापं दाखवायला तो ग्रिड उत्तमच, आजही मी तोच वापरते. पण टांगलेला कंदील दाखवायचा तर बघणाऱ्याचा डोळा कुठे आहे हे आधी ठरवायला हवं, हे तुमचं वाक्य मला तेव्हा नीटसं कळलं नव्हतं. काच समोर आली तेव्हा कळलं.

पडवीच्या वाशाला तुम्ही नुसता सांगाडा टांगलात, कागदाशिवाय. जुन्या खिडकीची काच खुर्चीच्या पाठीला सुतळीने उभी बांधलीत. माझी हनुवटी वह्यांच्या चळतीवर टेकवून एक डोळा मिटायला लावलात, हातात मार्कर दिलात आणि म्हणालात, "समोर दिसता ता काचेर गिरव. डोक्या हलवू नको." फ्लॉरेन्सच्या आल्बेर्ती या कलापंडिताने १४३५ मध्ये चित्राला उघड्या खिडकीची उपमा दिली होती, हे तुम्ही मागाहून सांगितलंत. त्या सकाळी मात्र समोर फक्त काच होती, आणि पलीकडे वाऱ्यावर फिरू नये म्हणून काकूंनी दोऱ्याने धरून ठेवलेला कंदील.

गिरवून झाल्यावर काच पांढऱ्या कागदावर ठेवली आणि मी बघतच राहिले. कंदील माझ्या डोळ्यांच्या वर होता. त्यामुळे खालच्या षटकोनाची माझ्या बाजूची कड चित्रात वर आली होती आणि लांबची कड तिच्या खाली. टेबलावरच्या डब्याचं झाकण आपण काढतो तेव्हा नेमकं उलट असतं: जवळचं खाली, लांबचं वर. हाताला तीच सवय लागलेली असते, आणि टांगलेल्या वस्तूलाही आपण तीच लावतो. दुसरी गोष्ट तुम्ही पट्टी ठेवून दाखवलीत. खालचा षटकोन डोळ्यांच्या पातळीजवळ, म्हणून चपटा. वरचा त्या पातळीपासून लांब, म्हणून रुंदीला तेवढाच भरूनही जास्त उघडलेला. दोन्ही षटकोन सारखेच चपटे काढले की कंदील कधीच टांगलेला वाटत नाही. गोल कंदील असता तर दोन लंबवर्तुळांचंही हेच झालं असतं.

मग तुमचं ते वाक्य आलं. "आधी मागची बाजू काड गो, मगे फुडची."

संगणकावर ते कसं उतरवलं ते थोडं सविस्तर लिहिते, कारण मुलं नेमकं हेच विचारतात. इंकस्केप हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि त्यात थ्रीडी बॉक्स काढायची सोय आहे. काचेचा सरळ वरून काढलेला फोटो खाली ठेवायचा आणि कंदील ज्या पेटीत बरोबर मावेल अशी पेटी त्यावर बसवायची. उभ्या रेषा समांतरच ठेवायच्या आणि दोन लोपबिंदू (लांब जाणाऱ्या समांतर रेघा जिथे मिळाल्यासारख्या दिसतात ते बिंदू) डोळ्यांच्या पातळीवर, डावी-उजवीकडे, पानाच्या बाहेर लांब. पडदा लहान असल्यामुळे लोपबिंदू पानातच ठेवायचा मोह होतो आणि मग पेटीचा जवळचा कोपरा चोचीसारखा टोकदार होतो. यावर तुमची कसोटी मी आता सगळ्यांना सांगते: दोन लोपबिंदूंमधलं अंतर हा व्यास धरून वर्तुळ काढायचं. पेटीचा जवळचा कोपरा त्या वर्तुळाच्या आत राहिला पाहिजे. आत असेल तर तिथला कोन काटकोनापेक्षा मोठा दिसतो, आणि काटकोनी पेटी काटकोनी वाटते. तुम्ही हेच भिंतीला टाचण्या टोचून आणि दोरे ताणून करत होतात, कारण लोपबिंदू ड्रॉइंग बोर्डावर मावत नसत. मला फक्त पान लहान करून बघावं लागतं. टाचण्यांचं काम एकदा हाताने केलं, म्हणून पडद्यावर आपण काय करतोय ते कळलं.

पेटीची मागची उभी कड हा खरा साक्षीदार. खालच्या मागच्या कोपऱ्यात दोन लोपबिंदूंकडे जाणाऱ्या दोन रेषा एकमेकींना छेदतात, वरच्या मागच्या कोपऱ्यातही छेदतात. हे दोन छेद एकाच उभ्या रेषेवर आले पाहिजेत. जरा सरकले तरी समजायचं की पुढची एखादी रेघ लोपबिंदूकडे जातच नाहीये. अपारदर्शक पेटीत ही चूक मागे दडून राहते आणि कुणाला कळतही नाही. म्हणूनच तुम्ही मागून सुरुवात करायला लावलीत. मागचा कोपरा जुळला की पुढच्या रेघा बिनघोर काढता येतात.

पेटीतून षटकोन काढायची तुमची रीत तर मला फारच आवडली. समोरासमोरच्या कोपऱ्यांमधलं अंतर १०० धरलं तर समोरासमोरच्या बाजूंमधलं साधारण ८७ भरतं. तेव्हा आयत त्या मापाचा. त्याच्या लांब बाजूचे चार सारखे भाग करायचे. पाव आणि पाऊण या खुणांवर चार कोपरे, आणि आखूड बाजूंच्या मध्यावर उरलेले दोन. पर्स्पेक्टिव्हमध्ये, म्हणजे लांबचं लहान होत जाणाऱ्या चित्रात, पट्टीने मोजून भाग पाडता येत नाहीत, कारण लांबचा अर्धा जवळच्यापेक्षा लहान दिसतो. तिथे कर्ण काढायचे. कर्ण छेदतात तो मध्य, अर्ध्या भागाचे पुन्हा कर्ण काढले की पाव. शेवटी षटकोनाचे तीन मोठे कर्ण एका बिंदूत मिळाले पाहिजेत, आणि खालचा-वरचा असे दोन्ही मध्यबिंदू एका ओळंब्यात. बल्बची वायर त्याच रेषेवरून खाली येते.

कागद चढवायची वेळ आली तेव्हा तुमचं सगळ्यात मोलाचं बोलणं झालं, आणि तेही तुम्ही संगणकाला हात न लावता. सगळ्या बाजूंचा एक गट करून मी त्या गटाची पारदर्शकता कमी केली होती. कंदील फिका झाला, पण आरपार होईना. मागच्या बाजू पुढच्यांच्या आड गडपच. तुम्ही चष्मा पुसत विचारलंत, "कागद येकच आसा की धा? मगे पारदर्शक कोण, कंदील की कागद?" तिथेच उत्तर होतं. गट फिका केला की संगणक आधी आतलं चित्र पूर्ण झाकून तयार करतो आणि मग ते अख्खं विरळ करतो. प्रत्येक बाजू सुटी विरळ करावी लागते. आणि क्रमही तुमचाच: तळाला मागच्या बाजू, त्यांच्यावर बल्ब आणि वायर, सगळ्यात वर पुढच्या बाजू. क्रिता या चित्रं रंगवायच्या सॉफ्टवेअरमध्ये तेच थरांनी (लेयरनी) होतं.

रंगांचं थोडक्यात सांगते. पिवळ्या जिलेटिनमागे निळसर आकाशी कागद आला की हिरवट दिसतं, कारण दोन्ही कागद प्रकाशातला आपापला भाग अडवतात. साध्या मिश्रणाने ते दुधाळ होतं. थर मल्टिप्लाय या रंग मिसळायच्या पद्धतीवर ठेवला की खऱ्या कागदाच्या जवळ जातं. आणि मागच्या कामट्यांच्या रेघा बारीक आणि फिक्या, पुढच्या जाड. पुढची मागचीवरून जाते तिथे मागची किंचित तोडायची. त्या छोट्या फटीने कंदील उलटायचा पूर्ण थांबला. गटातल्या बायका आता तो कागद बघून, कुणाला न विचारता सांगाडा बांधतात.

तुम्ही जपून ठेवलेलं लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाच्या १४९५ च्या व्यक्तिचित्राचं कात्रण मला दिलंत, त्याबद्दल वेगळे आभार. मूळ चित्र नेपल्सच्या कापोदिमोन्ते संग्रहालयात आहे. पाचोली भूमिती शिकवतोय आणि डाव्या बाजूला दोऱ्याला टांगलेला काचेचा घनाकार, अठरा चौरस आणि आठ त्रिकोणांचा, अर्धा पाण्याने भरलेला. पाचशे वर्षांपूर्वी कुणीतरी काच, पाणी आणि मागच्या कडा एवढ्या निगुतीने रंगवल्या, हे बघून उर भरून आला. या दिवाळीला तोच आकार बांबूत बांधायचा आमचा विचार आहे. त्याला अठ्ठेचाळीस कामट्या आणि चोवीस कोपरे लागतात. एका कोपऱ्याने टांगला तर उभी म्हणावी अशी एकही कामटी उरत नाही, आणि तिसरा लोपबिंदू घ्यावा लागेल की काय ते मला उमगत नाहीये. चारही कडांना चौरसच लागलेत अशा चौरसाच्या मध्यावरून टांगला तर आठ बाजू तरी सरळ उभ्या राहतात. तुम्हाला काय वाटतं ते सांगा. पुढच्या रविवारी सांगाडा घेऊनच येते. काच काढून ठेवा, खुर्ची मी पकडते, काकूंना दोरा धरायला लावू नका.

काकूंना नमस्कार.

आपली विद्यार्थिनी