सिएनाला दोन तास पुरत नाहीत

संपादक महोदय,

उन्हाळ्यात इटलीला जाणाऱ्या आपल्याकडच्या सहलींत रोम, व्हेनिस, पिसाचा मनोरा ठरलेलाच. सिएना मात्र फार तर दोन तासांत उरकतात. २ जुलै आणि १६ ऑगस्टला तिथे ‘पालिओ’ भरतो, तो सोडून पुढे जाणे खरोखर वाईट वाटण्याजोगे आहे.

पालिओला नुसती घोड्यांची शर्यत म्हणणे अपुरे आहे. शहरात १७ ‘कोंत्रादा’ म्हणजे पेठा, प्रत्येकीचे निशाण, चर्च आणि संग्रहालय वेगळे. दर खेपेला धावतात फक्त दहा. कोणाला कोणता घोडा, हे चिठ्ठ्या टाकून ठरते. शर्यतीच्या दिवशी घोड्याला पेठेच्या चर्चमध्ये नेतात, पाद्री आशीर्वाद देतो, ‘जा आणि जिंकून ये’. चौकात माती अंथरून केलेल्या वाटेवर बिनखोगिराच्या तीन फेऱ्या, जेमतेम दीड मिनिटात खेळ संपतो. स्वार पडला तरी घोडा एकटा जिंकू शकतो! बक्षीस म्हणजे रंगवलेला रेशमी ध्वज, त्यासाठी म्हातारी माणसेही ढसाढसा रडतात.

वळणांवर घोडे जखमी होतात, काही दगावलेही आहेत. प्राणिप्रेमींचा आक्षेप मला रास्त वाटतो, आयोजकांनी त्याबाबत आणखी कडक व्हायला हवे.

चौकाच्या मध्यभागी उभे राहून पाहणे मोफत असते. पण वाटा बंद झाल्या की शर्यत संपेपर्यंत बाहेर पडता येत नाही, ज्येष्ठांना नेणाऱ्यांनी हे आधीच सांगावे.

– एक वाचक, सांगली