फिक्या बँडबद्दल आभार

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण नाशिकमध्ये वेस्टर्न ब्लॉट (नमुन्यातलं हवं ते प्रथिन अँटीबॉडीने शोधून पट्ट्यांच्या, म्हणजे बँडच्या, रूपात दाखवायची पद्धत) शिकणाऱ्या आणखी कुणाला तरी तुमचं सांगणं उपयोगी पडेल. अंबडच्या कंपनीतली ड्युटी संपवून, संध्याकाळच्या ट्रॅफिकमधून वाट काढत तुम्ही गंगापूर रोडला आमच्या लॅबमध्ये यायचात. कुणी मानधन दिलं नाही, तुम्ही तो विषयही काढला नाहीत.

जेल चालवणं, मेम्ब्रेनवर प्रथिनं उतरवणं जमत होतं. अडायचं ते शेवटाला. पहिली अँटीबॉडी प्रथिनाला चिकटते, दुसरी त्या पहिलीला; या दुसऱ्या अँटीबॉडीला जोडलेलं एचआरपी एन्झाइम पेरॉक्साइडच्या साहाय्याने ल्युमिनॉल या रसायनाचं ऑक्सिडीकरण करतं आणि निळसर प्रकाश पडतो, तोच फोटोत काळा बँड म्हणून दिसतो, हे पाठ होतं. पण आमचे बँड मधोमध पांढरे आणि कडेने काळे का येतात, ते कुणालाच सांगता येईना. तुम्ही फोटो पाहिलात आणि म्हणालात, “प्रथिन कमी नाही गं, एन्झाइम जास्त झालंय.” जिथे प्रथिन सगळ्यात जास्त, तिथलं ल्युमिनॉल फोटो निघेपर्यंत संपलेलं असतं, म्हणून नेमकी तीच जागा कोरी दिसते! दुसरी अँटीबॉडी आणखी पातळ करायला लावलीत, एक्स्पोजर थोड्या सेकंदांपासून वाढवत न्यायला लावलंत. बँड फिके आले, पण मोजता येण्यासारखे आले.

मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. काळाकुट्ट बँड दिसायला छान. पण कॅमेरा सॅच्युरेट झाला की दुप्पट प्रथिन काय नि चौपट काय, एकसारखंच दिसतं. अ‍ॅक्टिनचा 42 किलोडाल्टनचा बँड, म्हणजे प्रत्येक नमुना सारखाच भरलाय ना हे दाखवणारा, सगळ्या लेनमध्ये सारखा आला की आम्ही निश्चिंत व्हायचो. तोच सॅच्युरेट झाला असेल तर सारखा दिसणारच, हे तुमच्याआधी आम्हाला कुणी बोललं नव्हतं.

बाकीही किती सांगितलंत. फॉस्फोप्रथिन (फॉस्फेट जोडलेलं प्रथिन) शोधताना ब्लॉकिंगला, म्हणजे मेम्ब्रेनवरच्या रिकाम्या जागा झाकायला, दूध पावडरऐवजी बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन), कारण दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फोरिलेटेड असतं. एचआरपीच्या बफरमध्ये सोडियम अझाइड नको, ते एन्झाइमच बंद पाडतं.

तुमच्या अक्षरातला डायल्यूशनचा कागद आता नव्या बॅचच्या मुली वापरतात. ताई, मनापासून आभार. पिंपळगावला आमच्या बागेत फेब्रुवारीत द्राक्षं उतरतील, तेव्हा काकूंना घेऊन नक्की या.

तुमची,
लॅबमधली विद्यार्थिनी