सल्लागाराची फी बिलावर नको

महोदय,

पावसाळा सरला की सोसायट्यांच्या नोटीस बोर्डावर इमारत दुरुस्तीच्या विशेष सभेचे कागद झळकू लागतात. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचे दर 5 वर्षांनी आणि 30 वर्षांपुढील इमारतीचे दर 3 वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, करावे लागते. ते करणारा अभियंताच बहुधा पुढे दुरुस्तीचा सल्लागार होतो. त्यात गैर काही नाही. गैर आहे ती त्याची फी ठरवण्याची रीत.

ही फी अनेकदा कंत्राटदाराच्या अंतिम बिलावर टक्क्यांनी ठरते. समजा 4 टक्के ठरली. काम 40 लाखांवरून 60 लाखांवर गेले की सल्लागाराचे 1 लाख 60 हजारांचे 2 लाख 40 हजार होतात. ज्याने बिलाला कात्री लावायची, त्याचीच कमाई बिल फुगल्यावर वाढते! सल्लागार प्रामाणिक असला तरी कमिटीच्या मनात शंका राहते आणि वाढीव कामाचे खरे कारणही कोणी ऐकून घेत नाही. म्हणून फी एकरकमी ठरवावी, हप्ते कामाच्या टप्प्यांना जोडावेत आणि शेवटचा हप्ता एक पावसाळा गेल्यावर द्यावा. काम मुदतीपलीकडे लांबले तर देखरेखीचे दरमहा किती, तेही करारात लिहावे. फुकट देखरेख कोणी मनापासून करत नाही.

काम वाढते हे खरेच आहे. हातोडीने ठोकून, पोकळ आवाजावरून बांधलेला अंदाज आणि छिन्नी मारल्यावर दिसणारी गंजलेली सळई यांत फरक पडतोच. म्हणूनच खराब काँक्रीट काढल्यावर, पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला दुरुस्तीचा सिमेंट-मसाला) चढवण्याआधी, सल्लागाराचा अभियंता, कंत्राटदाराचा माणूस आणि कमिटीचा एक सदस्य यांनी परांचीवर उभे राहून लांबी, रुंदी, खोली मोजावी. टेप लावून फोटो काढावा, वहीत तिथल्या तिथे सह्या कराव्यात. मॉर्टरच्या 25 मिमी आणि 50 मिमी थरांचे दर वेगळे असतात. वर प्लास्टर आणि रंग झाला की आत किती थर आहे, ते फोडल्याशिवाय कळत नाही.

कमिट्यांचेही चुकते. सेक्रेटरी परस्पर मुकादमाला ‘एवढा छज्जाही करून टाका’ सांगतात. पुढे तिथे गळती झाली की सल्लागार म्हणतो, मला विचारले नव्हते. त्याचे बरोबरच असते. सूचना एकाच पदाधिकाऱ्याने, लेखी आणि सल्लागारामार्फत द्यावी. कोणत्या घरात भिंत पाडली, कुठे बाथरूम सरकवले, गच्चीवर जुना कोबा न काढता नवा किती वेळा चढवला, हे त्याला पहिल्याच भेटीत सांगावे. कोब्याच्या प्रत्येक थराचे वजन स्लॅबवरच येते.

सभेत सभासदांना फक्त फीचा आकडा वाचून दाखवला जातो. नेमणुकीच्या ठरावासोबत कराराचा मसुदाही त्यांच्या हाती द्यावा.

– एक स्थापत्य अभियंता, ठाणे